एका वर्षाचं जहाज, तीस वर्षांचा गंज

मालवाहू जहाजाच्या मॉडेलची उजवी बाजू पूर्ण झाली होती. रंग, गंजाचे ओघळ, मिठाचे डाग, सगळं करून वर मॅट वार्निशचा हात दिला होता. डाव्या बाजूवर अजून नुसता करडा रंग होता. त्या अवस्थेत मॉडेल उचलून मी शेजारच्या काकांना दाखवायला नेलं. काका मूळचे रत्नागिरीकडचे. चाळीस वर्षं मालवाहू जहाजांवर होते. खलाशी म्हणून चढले आणि बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, म्हणून उतरले. त्यांनी चष्मा लावला, मॉडेल खिडकीपाशी नेलं आणि उजवी बाजू बराच वेळ न्याहाळली.

"केवढ्या वयाचं जहाज हे?"

"एक वर्षाचं, काका. १९४३ च्या जूनमध्ये पाण्यात उतरलं. मी १९४४ चा जून दाखवतोय."

"मग हे भंगारात का काढलंय, बाळा?"

त्या प्रश्नानंतर दोन महिन्यांचं काम मला पुन्हा करावं लागलं. ओघळ सुबक होते, रंग जुळले होते, हात कुठे घसरला नव्हता. चूक ब्रश हातात घेण्याच्या आधीच झाली होती, आणि ती कशी झाली हे सविस्तर सांगण्यासारखं आहे. मालवाहू जहाजाचं मॉडेल जुनं दिसावं म्हणून झटणाऱ्या बहुतेकांच्या हातून ती होते असं मला वाटतं.

जहाज कोणतं

हे लिबर्टी जातीचं जहाज, 'एसएस जेरेमाया ओब्रायन'. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या जेवढी जहाजं बुडवत होत्या त्याहून जास्त बांधायची, या एका हिशेबावर अमेरिकेने १९४१ ते १९४५ या काळात २,७१० लिबर्टी जहाजं बांधली. पहिलं, 'पॅट्रिक हेन्री', २७ सप्टेंबर १९४१ ला बाल्टिमोरला पाण्यात उतरलं. सुरुवातीला एका जहाजाला सात-आठ महिने लागत. पुढे सरासरी दीड महिन्याच्या आसपास आली. 'रॉबर्ट ई. पीअरी' तर नोव्हेंबर १९४२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिचमंडला कणा टाकल्यापासून ४ दिवस साडेपंधरा तासांत पाण्यात उतरवलं. तो विक्रमासाठी केलेला खटाटोप होता, पण बांधणीची घाई सगळीकडेच होती. ही घाई पुढे गंजाच्या हिशेबात येणार आहे.

जहाजाची लांबी ४४१ फूट ६ इंच, म्हणजे साधारण १३४.६ मीटर. रुंदी सतरा मीटरच्या थोडी वर. तेलावर चालणारे दोन बॉयलर, २,५०० अश्वशक्तीचं तिहेरी प्रसरणाचं वाफेचं इंजिन आणि ११ नॉट वेग. मालाची पाच कोठारं म्हणजे होल्ड, तीन डोलकाठ्या आणि मधोमध डेकवरचं एकच घर, म्हणजे डेकहाउस. ३५० पट लहान केलं की हे सगळं साडेअडतीस सेंटिमीटरमध्ये बसतं. पावणेसहा फुटी माणूस पाच मिलिमीटरचा होतो.

'जेरेमाया ओब्रायन' मेन राज्यातल्या साउथ पोर्टलंडला बांधलं गेलं आणि १९ जून १९४३ ला पाण्यात उतरलं. १९४४ मध्ये मित्रराष्ट्रांच्या सैन्याने फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर केलेल्या चढाईच्या वेळी त्याने इंग्लंड आणि तो किनारा यांच्यामध्ये अकरा खेपा केल्या. १९९४ मध्ये, चढाईला पन्नास वर्षं झाली तेव्हा, ते सॅन फ्रान्सिस्कोहून स्वतःच्या इंजिनावर पुन्हा नॉर्मंडीला जाऊन आलं. आजही ते सॅन फ्रान्सिस्कोला पाण्यावर आहे.

मला खरं तर हे जहाज करायचंच नव्हतं. मनात होतं 'फोर्ट स्टिकिन'. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत त्याला आग लागली. पोटात कापसाच्या गाठी, सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि सोन्याच्या विटा होत्या. दुपारी चारनंतर थोड्या वेळाच्या अंतराने दोन स्फोट झाले आणि गोदीचा परिसर उद्ध्वस्त झाला. आग विझवायला धावलेले ६६ अग्निशामक जवान त्यात गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात. मी माझगावात वाढलो. ही हकीगत घरातल्या मोठ्यांकडून इतक्या वेळा ऐकली आहे की मॉडेल करायचं ठरवल्यावर दुसरं नाव मनात आलंच नाही.

'फोर्ट स्टिकिन' १९४२ मध्ये कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर प्रिन्स रूपर्टला बांधलं गेलं. फोर्ट जातीची जहाजं आणि लिबर्टी जहाजं यांचं मूळ एकच, इंग्लंडमधल्या संडरलंडच्या जे. एल. थॉम्प्सन कारखान्याचा आराखडा. म्हणून वाटलं, लिबर्टीचं किट आणून थोडे फेरफार केले की काम होईल. आराखडे शेजारी ठेवले आणि तो विचार सोडला. फोर्टचं डेकहाउस दोन भागांत आहे, जहाज हाकायचा ब्रिज पुढे आणि धुराडं मागे, मधे तीन नंबरचं हॅच, म्हणजे होल्डचं तोंड. लिबर्टीत दोन्ही भाग एकत्र आणलेत. फोर्ट कोळशावर चालायचं, लिबर्टी तेलावर. आणि सगळ्यात मोठा फरक पत्र्यांच्या जोडणीचा: फोर्टचे पत्रे रिव्हेटने जोडलेले, लिबर्टीचे वेल्डिंगने. वरचं डेक, हॅच, घरं सगळं नव्याने घडवावं लागलं असतं. पहिल्याच जहाजावर तेवढी उडी घ्यायची नाही असं ठरवलं आणि किटमध्ये होतं तेच जहाज बांधायला घेतलं.

बांधणी

याबद्दल थोडक्यात. हलचे, म्हणजे जहाजाच्या बाहेरच्या कवचाचे, भाग किंचित वाकलेले आले होते, ते आतून प्लॅस्टिकच्या आडव्या पट्ट्या लावून सरळ केले. शिवण पुट्टीने भरली, पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने घासली, प्रायमर मारला, पुन्हा घासली. रेलिंग आणि शिड्या पितळी फोटो-एचच्या, म्हणजे पातळ पत्र्यातून रसायनाने कोरून काढलेल्या. माल उचलायचे बूम किटमधलेच, पण टोकं पिनने कोरून बारीक केली. दोऱ्यांसाठी स्प्रू, म्हणजे किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या दांड्यांना जोडलेले येतात तो दांडा, मेणबत्तीवर ताणला. हे ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे, ज्यांनी केलेलं नाही त्यांचे पहिले वीस तुकडे वाया जातील आणि एकविसावा जमेल.

एक सूचना मात्र देतो. रेलिंग शेवटी लावा. मी हल रंगवायच्या आधी लावलं आणि पुढे त्याची किंमत मोजली.

दारूखाना

गंज कसा दिसतो हे बघायला मी पुस्तकं उघडली नाहीत, दारूखान्यात गेलो. रे रोडच्या मागे जिथे जहाजं तोडतात ती जागा घरापासून जवळ. आत जाऊ देत नाहीत, फोटो काढू देत नाहीत, पण बाहेरून आणि भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या लाँचमधून पुष्कळ दिसतं. ओहोटीच्या वेळी चिखलात रुतलेली हल, तिच्यावर डेकपासून पाण्यापर्यंत उतरलेले तपकिरी पट्टे, मूळ रंग शोधावा लागेल अशी अवस्था. मी तीन रविवार गेलो. वहीत रंगाचे नमुने केले: जुना गंज जवळजवळ काळपट जांभळा, त्याच्या कडेला तपकिरी, ताजा गंज नारिंगी. तिन्ही रंग एकाच ओघळात एकमेकांत मिसळताना दिसतात आणि ते दृश्य फार सुंदर असतं. मी ते जसंच्या तसं 'जेरेमाया ओब्रायन'वर उतरवलं.

चूक इथे झाली. दारूखान्यात येतं ते जहाज पंचवीस-तीस वर्षं समुद्रात घालवून आलेलं असतं. शेवटच्या एक-दोन वर्षांत मालक रंगावर पैसा घालत नाही, कारण जहाज विकायचंच असतं. त्या गंजात बरीच वर्षं साठलेली असतात आणि शेवटची हेळसांडही. माझं जहाज एक वर्षाचं होतं आणि त्यावर बोसनच्या हाताखाली रोज सकाळी रंगाचे डबे घेऊन उतरणारी माणसं होती.

शिवाय दुसरीकडूनही फसगत होते. आज तीन लिबर्टी जहाजं संग्रहालयं म्हणून राहिली आहेत: सॅन फ्रान्सिस्कोला 'जेरेमाया ओब्रायन', बाल्टिमोरला 'जॉन डब्ल्यू. ब्राउन' आणि ग्रीसमध्ये पिरीअसला 'हेलास लिबर्टी'. त्यांचे रंगीत फोटो मुबलक आहेत, पण त्यांना मायेने जपलं जातं, त्यामुळे त्यावरून युद्धातल्या जहाजाचा अंदाज येत नाही. युद्धातले फोटो बहुतेक कृष्णधवल आहेत. त्यात गंज कुठला आणि सावली कुठली हे ओळखण्यात मी कित्येक रात्री घालवल्या.

काकांनी सांगितलेलं

मी विचारलं, "मग वर्षभराच्या जहाजाला गंज येतच नाही का?"

"येतो की. पण कुठे येतो ते बघ. जिथे काम होतं तिथे येतो."

आणि त्यांनी बोट ठेवून दाखवायला सुरुवात केली. मी वही आणली.

पहिली जागा नाळेवरची, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरची, नांगराची भोकं. साखळी वर-खाली होते तेव्हा भोकाची खालची ओठाळी आणि नांगर टेकतो तिथला पत्रा खरवडला जातो. तिथे रंग टिकतच नाही. काका म्हणाले की तिथला ओघळ निव्वळ गंजाचा नसतो, साखळीबरोबर तळाचा चिखल येतो आणि तो वाळून करड्या-तपकिरी पट्ट्यांत खाली उतरतो. मी आधी तिथे नारिंगी ओघळ काढला होता. चिखल ओळखूच आला नव्हता.

दुसरी जागा जहाजाच्या दोन्ही कुशी, धक्क्याला घासतात त्या उंचीवर. तिथे आडवे ओरखडे असतात, उभे ओघळ नंतर येतात. तिसरी, डेकवरचं पाणी बाहेर पडतं ती भोकं. त्यांच्याखाली मळकट, बारीक पट्टा उतरतो, बहुतेक गंजापेक्षा धूळ आणि तेलाचा. चौथी, हॅचच्या कडा. मालाची जाळी आत-बाहेर करताना कडेवर आपटते, रंगाचे टवके उडतात. पाचवी, माल ओढायच्या विंचच्या पायथ्याशी: गंज कमी, काळं ग्रीस जास्त.

"आणि नाळ," ते म्हणाले. "अटलांटिकमध्ये हिवाळा काढलाय म्हणतोस ना? मग नाळेवरचा रंग लाटांनी खाल्लेला पाहिजे. मागच्या अंगाला रंग शाबूत, पुढे उडालेला."

यात मी स्वतः वाचून एका गोष्टीची भर घातली. कारखान्यातून आलेल्या नव्या पोलादी पत्र्यावर निळसर-काळी कठीण खपली असते. ती पूर्ण काढून मग रंग द्यायला हवा, नाहीतर काही महिन्यांनी खपली सुटते आणि वरचा रंग पोपड्यासारखा घेऊन जाते. घाईत बांधलेल्या जहाजांवर नव्या पत्र्यालाही मधेमधे विटकरी ठिपके दिसतात ते यामुळे. म्हणजे तरुण जहाजाचा गंज पट्ट्यांत नसतो, ठिपक्यांत असतो, आणि जिथे ठिपका आला तिथे खलाशी खरवडून रेड लेड, म्हणजे गंज रोखणारा शेंदरी रंग, लावतात, वर करडा रंग ओढतात. नव्या रंगाची छटा जुन्याशी जुळत नाही. एका वर्षाच्या जहाजाची बाजू नीट पाहिली तर ती गंजलेली कमी आणि ठिगळं लावलेली जास्त असते.

हे समजल्यावर मापाचा हिशेब पुन्हा मांडला. माझ्या मॉडेलवरची एक मिलिमीटर रुंदीची रेघ म्हणजे खऱ्या जहाजावर पस्तीस सेंटिमीटरचा पट्टा. उजव्या बाजूला मी दीड-दोन मिलिमीटरचे ओघळ काढले होते, म्हणजे माणसाच्या खांद्यापेक्षा रुंद गंजाच्या नद्या. अर्धा मिलिमीटरचा ठिपकाही साडेसतरा सेंटिमीटरचा होतो. खरा ठिपका दाखवायचा तर ब्रशच्या टोकाने टेकवायचा, ओढायचा नाही.

पुन्हा काम

आता अडचण अशी की उजव्या बाजूचे इनॅमलचे ओघळ वार्निशखाली बंद झाले होते. टर्पेंटाइनने पुसता आले नसते. दोन पर्याय होते: सगळा रंग काढून प्लॅस्टिकपर्यंत जायचं, किंवा घासून वरून रंगवायचं. पहिला मी नाकारला. पितळी रेलिंग लागलेलं होतं. रंग काढायच्या द्रावणात ते सुटलं असतं.

दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर साबणाच्या पाण्यात बुडवून पिगमेंटचे उंचवटे घासून सपाट केले. हे करताना नाळेजवळचे रेलिंगचे दोन तुकडे उखडले आणि एक वाकला. म्हणून वर सांगितलं, रेलिंग शेवटी लावा.

मग करडा रंग खूप पातळ करून एअरब्रशने फवारला. पहिल्या हातानंतर ओघळ जेमतेम फिके झाले. दुसऱ्या हातानंतर ते रंगाखाली भुतासारखे दिसू लागले. इथे मी थांबलो. पुढे फवारलं असतं तर सगळं सपाट झालं असतं. पण त्या अवस्थेत ती बाजू अगदी तशीच दिसत होती जशी काकांनी सांगितली होती: खाली काहीतरी झालंय आणि कुणीतरी वरून घाईने रंगवलंय. हे मी ठरवून केलेलं नव्हतं. पण डाव्या बाजूला मात्र ठरवून केलं. तिथे आधी मोजके ठिपके आणि आखूड ओघळ काढले, वार्निश दिलं, मग कागदाला वेडेवाकडे चौकोन कापून त्यातून किंचित गडद करडा रंग फवारला. ही खलाशांची ठिगळं. ती दोरीवर बसलेल्या माणसाचा हात पोचेल तिथेच ठेवली. नाळेच्या बाहेर कललेल्या भागावर एकही नाही.

जुलै सुरू होता आणि हवा ओली. मॅट लॅकर फवारलं तेव्हा पाच मिनिटांत अख्ख्या बाजूवर पांढुरका पडदा आला. लॅकरमधला थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि रंगात अडकते. घाबरून खरवडू नका. मी एक कोरडी दुपार गाठली, मॉडेल झिरोच्या बल्बवर गरम ठेवलेल्या खोक्यात तासभर ठेवलं आणि वरून सावकाश सुकणारा थिनर मिसळून लॅकरचा एकच ओलसर हात दिला. पडदा विरघळून गेला. कंप्रेसरच्या नळीला पाणी गाळायची बाटली लावली नसेल तर मुंबईच्या पावसाळ्यात एअरब्रश हातात घेऊच नका.

यानंतरचे ओघळ मी इनॅमलऐवजी चित्रकलेच्या ऑइल रंगांनी केले. बर्न्ट अंबर आणि बर्न्ट सिएना पुठ्ठ्यावर काढून रात्रभर ठेवायचे, पुठ्ठा तेल शोषून घेतो आणि रंग मॅट वाळतो. बारीक ठिपका टेकवायचा, वीस मिनिटं थांबायचं, मग टर्पेंटाइनमध्ये बुडवून टिपलेला चपटा ब्रश एकदाच वरून खाली. पाणी भोकाजवळ अरुंद उतरतं आणि खाली विरत जातं, म्हणून ब्रश खाली येताना उचलायचा. नांगराच्या भोकाखाली गंजाआधी चिखल: रॉ अंबरमध्ये पांढरा आणि थोडा काळा मिसळून मुंबईच्या खाडीचा रंग आला होता, तो काढून टाकला. हे जहाज इंग्लिश खाडीतलं. तिथल्या चिखलाला मी थोडा पिवळसर ठेवला.

पाण्याच्या रेघेचा निर्णय सगळ्यात अवघड गेला. पूर्ण भरल्यावर हे जहाज साडेआठ मीटर खाली बसतं, मॉडेलवर चोवीस मिलिमीटर. रिकामं परत येताना त्यातला मोठा पट्टा उघडा पडतो, आणि त्यावर मीठ, शेवाळ, धक्क्याचं तेल सगळं दिसतं. नॉर्मंडीहून परतीच्या खेपेला जहाज हलकं असणार, म्हणून मी उघडा पट्टा दाखवला: तळाचा लाल रंग, त्याच्या वरच्या काठाला हिरवट कडा, वर मिठाची फिकट रेघ, आणि ती रेघ अगदी सरळ नाही. लाँचमधून जाताना नांगरलेल्या रिकाम्या जहाजांवर ही रेघ पाहिली होती. दारूखान्याच्या तीन रविवारांपैकी शेवटी उपयोगी पडलं ते एवढंच.

धुराड्याच्या तोंडाशी काजळी थोडीच ठेवली, तेलावरचं जहाज आहे. हॅचवरच्या ताडपत्र्यांना मात्र हात राखला नाही. त्या माणसांच्या बुटांखाली आणि मालाखाली रोज तुडवल्या जातात, त्यांचा मूळ रंग उरत नाही.

मॉडेल आता काचेच्या पेटीत आहे, तळाला सिलिका जेलच्या पुड्या. नाळेवरचं वाकलेलं रेलिंग बदललं नाही. तिथे एक तुटका दांडा दिसतो, अटलांटिकमध्ये तसं होतच असावं.

टेबलावर 'फोर्ट स्टिकिन'चे आराखडे पुन्हा उघडले आहेत. मुंबईला आलं तेव्हा तेही दोन वर्षांपेक्षा कमी वयाचं होतं, म्हणजे ठिगळांचा हिशेब तोच. पण गंज वेगळा बसणार. रिव्हेटच्या जहाजाचे पत्रे एकमेकांवर चढवलेले असतात आणि पाणी त्या कडेवर थांबतं, त्यामुळे तिथे आडव्या रेघा येतात, वेल्डिंगच्या जहाजावर न येणाऱ्या. दीड सेंटिमीटर जाडीची कड ३५० पट लहान केली की चार शतांश मिलिमीटर उरते. तेवढी उंची प्लॅस्टिकची पट्टी लावून येत नाही, टेपच्या काठाशी प्रायमरचे जास्तीचे दोन हात दिले की येते. जुन्या हलच्या तुकड्यावर काल करून पाहिलं. तिरक्या उजेडात कड दिसते, बोटाला लागत नाही.